टीबोर हलास दिसायचा कसा

एल्डन प्रॉक्टरला टीबोर हलासबद्दल चारशे शब्द लिहायचे होते. एवढंच काम. चारशे शब्द म्हणजे काही ग्रंथ नव्हे. पोर्ट हॅलोरनच्या 'बीकन' या साप्ताहिकात तो गेली एकोणीस वर्षं दर आठवड्याला सहाशे शब्द लिहीत आला होता, आणि तेही दिवसभर नगराच्या पाणी खात्यात बसून लोकांच्या मीटरच्या तक्रारी ऐकून झाल्यावर. त्याच्या सदराचं नाव 'बुधवारचा गठ्ठा'. दर बुधवारी सुपरहिरोंचे नवे अंक दुकानात यायचे, एल्डन ते वाचायचा आणि त्यांचा न्यायनिवाडा करायचा. न्यायनिवाडा हाच शब्द बरोबर. कारण एल्डन कथेबद्दल फारसं बोलत नसे. तो चित्रं तपासायचा. 'व्होल्टिनाच्या हाताला पाच बोटं आहेत हे मान्य, पण पाचही अंगठे आहेत,' असं त्याने एकदा लिहिलं होतं. 'आयर्न पेलिकन'च्या नव्या चित्रकाराला माणसाचा गुडघा कुठल्या बाजूला वाकतो याची चौकशी करण्याचा सल्ला दिला होता. आपल्याला नजर आहे, असं एल्डनचं स्वतःबद्दल मत होतं. ते गावातल्या इतर कोणी तपासून पाहिलेलं नव्हतं.

टीबोर हलास म्हणजे 'कमांडर कॉर्क'चा चित्रकार. कमांडर कॉर्कची एकच ताकद होती: तो बुडत नसे. दर अंकात शत्रू त्याच्या गळ्यात धोंडा बांधून त्याला सरोवरात ढकलायचे आणि दर अंकात तो बुचासारखा वर यायचा. एवढ्या भांडवलावर टीबोरने सव्वीस वर्षं काढली. पुढे क्लीव्हलंडची ती प्रकाशन कंपनी बंद पडली, आणि टीबोर मासेमारीच्या होड्यांवर नावं रंगवू लागला. दर बुधवारी मात्र तो ऑगी लिंडक्विस्टच्या 'चौथी चौकट' या कॉमिक्सच्या दुकानात यायचा, खिडकीजवळच्या बाकावर एल्डनच्या शेजारी बसायचा आणि नवे अंक चाळायचा. एकोणीस वर्षं दोघं शेजारी बसले. फेब्रुवारीत, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, टीबोर झोपेतच गेला. दफनाला अकरा माणसं होती. पेटी बंद ठेवा, असं तो लिहून गेला होता. कोणी आपल्याकडे टक लावून पाहिलेलं त्याला जिवंतपणीही खपत नसे.

तर चारशे शब्द लिहून झाले, आणि चांगले झाले. एल्डन ते घेऊन 'बीकन'च्या संपादिकेकडे गेला. रोवेना स्टाइप्स बाईंनी उभ्याउभ्या मजकूर वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो कुठे आहे असं विचारलं. एल्डन म्हणाला, फोटो नाही.

"फोटो असेल तर पान एक," बाई म्हणाल्या. "नसेल तर पान अकरा, टायरच्या जाहिरातीशेजारी. पुढच्या मंगळवारी बारापर्यंत वेळ आहे."

आता खरं सांगायचं तर एल्डनचं नाव एकोणीस वर्षांत पान एकवर कधी आलं नव्हतं. पण रस्त्याने घरी येताना त्याने स्वतःला बजावलं की हा प्रश्न आपल्या नावाचा नाही, टीबोरच्या मानाचा आहे. घर येईपर्यंत ते त्याला बऱ्यापैकी पटलंही होतं.

फोटो मिळवायचा म्हणजे काय अवघड, असं वाटून त्याने पहिली चूक केली ती म्हणजे ही गोष्ट शेजारच्या बर्ल हॅचरला सांगितली. बर्ल अग्निशमन दलातून निवृत्त झालेला. आग विझवायची सोय उरली नव्हती, म्हणून आता तो सल्ले द्यायचा. दारासमोरचा बर्फ ओढता ओढता फावड्यावर रेलून त्याने ऐकून घेतलं आणि एल्डनला विचारलं की सरकार प्रत्येक माणसाचा फोटो काढून ठेवतं ते कशासाठी? गाडी चालवायच्या परवान्यावर फोटो असतोच. ऑफिसात जायचं, मागायचा, घ्यायचा. त्याने हे इतक्या सहज सांगितलं की एल्डनला स्वतःला न सुचल्याची लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून एल्डन परवान्याच्या ऑफिसात गेला. त्र्याऐंशी नंबरची चिठ्ठी मिळाली. तेव्हा एकेचाळीस चालू होता. दोन तासांनी खिडकीपलीकडच्या बाईंनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि तितक्याच शांतपणे सांगितलं की परवान्यावरचा फोटो ज्याचा त्यालाच मिळतो. एल्डनने सांगितलं की तो वारलाय. बाईंना वाईट वाटलं. त्यांनी तसं म्हणूनही दाखवलं. मग त्यांनी एक फॉर्म काढला. फॉर्मवर अर्जदाराची सही हवी होती, दोन साक्षीदारांसमोर. एल्डनने पुन्हा आठवण करून दिली. बाईंनी दुसरा फॉर्म काढला. तो भरला की परवाना रद्द होणार होता आणि परवाना रद्द झाला की फोटोही नोंदीतून जाणार होता. म्हणजे टीबोर जिवंत असता तर फोटो मिळाला असता, आणि मेला आहे हे सिद्ध केलं तर फोटो उरणार नव्हता. एल्डन स्वतः पाणी खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस; असल्या व्यवस्थेचं सौंदर्य त्याला कळत होतं. एरवी त्याने दाद दिली असती.

तो वळणार तोच बाईंनी त्याचा स्वतःचा परवाना बघायला मागितला. तो संपून चार महिने झाले होते. असल्या परवान्यावर आपण याला गाडी चालवत घरी जाऊ देऊ शकत नाही, असं बाई म्हणाल्या आणि त्याला पांढऱ्या पडद्यासमोर उभं केलं. हसू नका, अशी सूचनाही दिली. तिची गरज नव्हती. टीबोरचा फोटो आणायला गेलेला एल्डन अशा रीतीने स्वतःचा फोटो घेऊन परत आला. त्यात तो सरोवरातून गळाने बाहेर ओढल्यासारखा दिसत होता. नोरीनने, म्हणजे त्याच्या बायकोने, तो पाहिला आणि परत त्याच्या पाकिटात घालून दिला.

मग ऑगी लिंडक्विस्टने एक आशेचा किरण दाखवला. टीबोर प्रत्येक अंकात कुठेतरी गर्दीमध्ये स्वतःचं चित्र काढायचा, हे ऑगीला ठाऊक होतं. कमांडर कॉर्क सरोवरातून वर येतो, धक्क्यावर माणसं जमतात, त्यांत टोपी घातलेला एक लहानखुरा माणूस असतो, तोच टीबोर. ऑगीने दुकानामागच्या खोलीतून सगळे अंक काढून दिले. दोनशे चौदा. एल्डनने ते घरी आणले, दिवाणखान्यात जमिनीवर पसरले आणि भिंग घेऊन गुडघ्यांवर रांगायला लागला. नोरीन रोपवाटिकेतून कामावरून आली तेव्हा तिला दारातून स्वयंपाकघरात जायला वाट नव्हती, तेव्हा ती मागच्या दाराने आत गेली.

टोपीवाला माणूस प्रत्येक अंकात होता. प्रत्येक अंकात तो पाठमोरा होता. दोनशे चौदा वेळा पाठ. एल्डनला त्या पाठीचा कंटाळा आला, मग राग आला, आणि शेवटी कौतुक वाटायला लागलं. एवढ्याशा पाठीवरून कळायचं की माणूस खूष आहे, की त्याला थंडी वाजतेय, की त्याला घरी जायचंय. अंक एकशे एकोणनव्वदवर मात्र एल्डनचं भिंग थांबलं. टोपीवाल्याने मान वळवली होती. पण शेजारच्या बाईच्या 'तो पाहा, वर आला!' या उद्गाराचा फुगा नेमका त्याच्या चेहऱ्यावर होता. टोपी वर, हनुवटी खाली, मध्ये शब्द.

बाकी राहिला बोलिंग क्लब. टीबोर वीस वर्षं तिथल्या संघात होता, आणि भिंतीवर विजेत्या संघाचा फोटो होता. एल्डनने तो काचेसकट खिळ्यावरून उतरवला. फोटोत पाच माणसं. संघ सहा जणांचा. सहावा कुठे आहे असं विचारल्यावर तिथल्या व्यवस्थापकाने सांगितलं की फोटो टीबोरनेच काढला होता. खालच्या कोपऱ्यात त्याची सावली पडलेली दिसत होती. सावलीलाही टोपी होती.

लोकांना विचारावं तर तेही एक नवल. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, त्याला मिशी होती. त्यांचे यजमान म्हणाले, मिशी त्याच्या भावाला होती. टीबोरला भाऊ नव्हता. बर्लने सांगितलं की तो उंच होता. मग विचार करून म्हणाला की शिडीवर असताना. एटेल्का बोडनारला विचारणं हा खरा उपाय होता. टीबोर एकतीस वर्षं रोज दुपारी तिच्या छोट्या खानावळीत, त्याच स्टुलावर बसून जेवला होता. पण एटेल्का थंडीचे तीन महिने खानावळ बंद करून फ्लोरिडाला मुलीकडे जायची आणि तिथे फोन उचलणं म्हणजे सुट्टी वाया घालवणं असं तिचं मत होतं.

सोमवारी संध्याकाळी, म्हणजे मुदतीला एक सकाळ उरली असताना, एल्डन जेवणाच्या टेबलाशी बसून राहिला होता. नोरीनने सहज विचारलं, "तू तर एकोणीस वर्षं त्याच्या शेजारी बसत होतास. तूच सांग ना, कसा दिसायचा?"

एल्डनने सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. त्याला टीबोरचे हात आठवत होते. नखांत अडकलेला होड्यांचा निळा रंग आठवत होता. पान उलटायच्या आधी तो अंगठा जिभेला लावायचा ते आठवत होतं. एल्डनचं एखादं परीक्षण छापून आलं की तो एवढंच म्हणायचा, "कठोर आहेस, प्रॉक्टर," ते त्या जडशा उच्चारासकट आठवत होतं. पण चेहरा? दोघं शेजारी बसायचे आणि दोघंही पानांकडे बघायचे. आयर्न पेलिकनचा गुडघा कुठे चुकला हे एल्डनने सात वर्षांनीही सांगितलं असतं, आणि वीतभर अंतरावरच्या माणसाच्या डोळ्यांचा रंग त्याला सांगता येत नव्हता. नोरीनने त्याच्या पुढ्यातली बशी उचलली नाही, म्हणजे तिलाही कळलं होतं.

मग त्याने उठून पेन्सिल घेतली. फोटो नसेल तर चित्र. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेषा तपासणाऱ्याला एक चेहरा काढता येऊ नये, हे त्याला तर्कात बसेना. तर्काचं आणि हाताचं नातं किती लांबचं असतं, ते त्याला पुढच्या तीन तासांत कळलं. टोपी जमली. टोपीखाली काय घालायचं हा प्रश्न होता. कान कसा असतो हे आठवेना, तेव्हा त्याने न्हाणीघरातल्या आरशात स्वतःचा कान पाहून घेतला. मग नाकपुडी कशी वळते ते पाहायला पुन्हा गेला. मग पापणी, मग ओठांचा कोपरा, मग हनुवटी. सोळा वेळा तो आरशापर्यंत जाऊन आला. सतराव्यांदा त्याने आरसाच खिळ्यावरून काढला आणि टेबलावर ब्रेडच्या डब्याला टेकवून ठेवला. चित्र पुरं झालं तेव्हा त्याने ते नोरीनला दाखवलं. तिने ते लांब धरलं, जवळ धरलं.

"ओळखीचा वाटतोय," ती म्हणाली.

एल्डनला आणखी काय हवं होतं? मंगळवारी पावणेबाराला चित्र रोवेनाबाईंच्या टेबलावर पोचलं. बाई टीबोरला फक्त पाठीवरून ओळखत होत्या. त्यांनी टोपी पाहिली आणि मान डोलावली.

गुरुवारी 'बीकन' निघाला. पान एक, वरची बाजू. ठळक मथळा: 'बंदराचा लाडका माणूस गेला'. त्याखाली चित्र. चित्राखाली, चित्रकाराला श्रेय म्हणून, दोनच शब्द: एल्डन प्रॉक्टर.

पहिला ट्रे साडेनऊला आला. आपल्या इकडे कोणी गेलं की शेजारपाजारचे चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचा ट्रे घेऊन येतात. मजकूर वाचून होण्याआधी बटाटे चुलीवर चढतात, हा या गावाचा चांगुलपणाही आहे आणि घाईही. नोरीन कामावर गेली होती आणि एल्डनने त्या दिवशी, पान एकचा आनंद घरात बसून घ्यावा म्हणून, रजा घेतली होती. दार त्यानेच उघडलं. समोर तीन घरं पलीकडच्या मिसेस फेनिमोर, काळा कोट घालून, दोन्ही हातांत ट्रे. त्यांनी एल्डनकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. बाई मुळात रीतभात सांभाळणाऱ्या. त्या ओरडल्या नाहीत. ट्रे त्याच्या हातात दिला, "नोरीनला दे, तिला रांधायची शुद्ध नसेल," असं म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या. खालच्या पायरीवर गेल्यावर त्यांनी एकदा वळून पाहिलं.

साडेदहापर्यंत चार ट्रे झाले. अकराला बर्ल हॅचर आला, तो अग्निशमन दलाचा समारंभाचा कोट घालून. कोटाची बटणं लागत नव्हती म्हणून मधला भाग दोरीने बांधला होता. तो पेटीला खांदा द्यायच्या तयारीने आला होता आणि पेटीचा मालक दारात हातात काटा घेऊन उभा होता. बर्लने खिशातून घडी केलेला 'बीकन' काढला. चित्राकडे पाहिलं, एल्डनकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं.

"हा तू नाहीस?"

"हा टीबोर आहे."

"मग टीबोर तुझ्यासारखा का दिसतोय?"

एल्डनने खिशातून नवा परवाना काढला आणि त्यावरचा फोटो चित्राशेजारी धरला. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. टोपी सोडली तर काहीच फरक नव्हता. उलट चित्रातला एल्डन जास्त बरा दिसत होता.

शुक्रवारी ऑफिसात गेला तर त्याच्या खुर्चीवर फुलांचं चक्र ठेवलेलं, आणि खिडकीजवळचं टेबल वॉल्डो क्रम्पने घेतलेलं. साहेबांनी एल्डनचा हात हातात घेऊन मनापासून आनंद व्यक्त केला, मात्र टेबलाच्या बदलीचा कागद सही होऊन वर गेला होता. तो मागे घ्यायचा तर मूळ कारण चुकीचं होतं असं लेखी द्यावं लागणार होतं, आणि ते कारण म्हणजे एल्डनचा मृत्यू असल्यामुळे साहेबांना त्यात पडायचं नव्हतं. अकरा ट्रे घरातल्या फ्रीजमध्ये मावेनात. त्यातले सहा बर्लच्या गॅरेजात थंडीतच ठेवले.

पण खरा मार पुढेच होता. सोमवारपासून 'बीकन'कडे पत्रं येऊ लागली. सांडपाण्याचा कर वाढला तेव्हा एकोणतीस पत्रं आली होती. या चित्रावर सत्तेचाळीस आली. रोवेनाबाईंनी ती सगळी एका खोक्यात घालून एल्डनला दिली. उत्तरं तूच दे, असं वर सांगितलं.

न्हाव्याने लिहिलं होतं: 'मी तीस वर्षं टीबोरचे केस कापले. त्याला मान होती. श्री. प्रॉक्टर यांच्या चित्रात डोकं थेट सदऱ्यात बसवलेलं आहे.' निवृत्त शाळामास्तरीण बाईंनी भुवयांबद्दल दीड पान लिहिलं होतं. त्या मधोमध जुळलेल्या होत्या, आणि चित्रकाराला हे न दिसणं अक्षम्य आहे. बर्फाच्या कारखान्यातल्या माणसाने डाव्या कानाच्या पाळीला खाच असल्याचं कळवलं होतं. १९७१ साली कोणाचा तरी गळ उडून लागला होता, त्याची. कोणाचा, ते त्याने लिहिलं नव्हतं, पण अक्षर थरथरलं होतं. होडीवाल्या क्विगलीने फक्त एक ओळ लिहिली होती: 'तो हसायचा तेव्हा एकाच बाजूने हसायचा, दुसरी बाजू कामात असायची.'

एल्डन चांगलाच दुखावला. परीक्षण कसं लिहावं याचे काही संकेत असतात. आधी दोन चांगल्या गोष्टी सांगायच्या, मग दोषाकडे वळायचं. हे त्याने स्वतः कधी पाळलं नव्हतं ही गोष्ट वेगळी. त्याने सविस्तर उत्तर लिहायला घेतलं. एकेक आक्षेप खोडून काढायचा म्हणून त्याने सगळ्या पत्रांतले मुद्दे एका कागदावर उतरवायला सुरुवात केली: मान लांब. भुवया जुळलेल्या. कानाला खाच. डोळे करडे, डावा जरा बारीक, कारण सव्वीस वर्षं तो मिटून रेषा पारखल्या. गालावर खळी नाही, सुरकुती; ती खळीसारखी दिसायची. मिशी नाही, पण दाढी रोज करूनही दुपारी तीननंतर निळसर छटा. वीस-बावीस ओळी झाल्यावर एल्डनची पेन्सिल थांबली. त्याने कागद वरपासून पुन्हा वाचला. कागदातून कोणीतरी त्याच्याकडे बघत होतं.

उत्तर लिहायचं राहून गेलं.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या तळघरात मासळीचं जेवण असतं. तळलेला पर्च, कोबीची कोशिंबीर आणि लांबच लांब टेबलांवर अंथरलेला पांढरा कागद. एल्डन नोरीनबरोबर जाऊन बसला, ताटल्या आल्या, आणि कोणाशी न बोलता त्याने त्या पांढऱ्या कागदावरच काढायला घेतलं. आधी मान. न्हावी दोन खुर्च्या सोडून बसला होता. तो घास तसाच ठेवून उठला आणि एल्डनच्या खांद्यावरून बघू लागला. थोडी आणखी लांब, असं म्हणाला. मग मास्तरीणबाई आल्या, त्यांनी भुवयांचा ताबा घेतला. पाच मिनिटांत त्या टेबलाभोवती वीस माणसं जमली. कान खाली, असं एकजण म्हणे, तर दुसरा म्हणे की कान ठीक आहे, टोपीच वर चढलीय. बर्फवाला गर्दीतून पुढे आला, खाच कुठे ते बोटाने दाखवलं आणि एवढ्या लोकांत पहिल्यांदाच कबूल केलं की गळ त्याचाच होता. लोकांनी ते ऐकलं आणि फार महत्त्व दिलं नाही. त्याला पन्नास वर्षांनी हायसं वाटलेलं स्पष्ट दिसलं. बर्लने उंचीबद्दल काही सुचवलं, पण चित्र छातीपर्यंतच असल्यामुळे ते विचारात घेतलं गेलं नाही.

एल्डन खोडत होता, काढत होता, खोडत होता. कागदाला एका ठिकाणी भोक पडलं, तिथे नोरीनने खालून रुमाल धरला. माशाच्या तेलाचा एक डाग गालावर पडला आणि तो इतका योग्य जागी पडला की सर्वानुमते राहू दिला. हे चित्र काढणारा एल्डन आहे हे कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. ते एल्डनच्याही लक्षात आलं नाही, आणि आलं असतं तरी त्या दिवशी त्याचं काही बिघडलं नसतं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. एटेल्का बोडनार दारातून आत येत होती. एक्याऐंशी वर्षांची, फ्लोरिडाच्या उन्हाने तांबूस झालेली, अंगावर अजून प्रवासाचा कोट. टीबोर गेल्याचं तिला मुलीच्या घरी कळलं होतं. ती नेहमीपेक्षा तीन आठवडे आधी परत आली होती. टेबलाशी येऊन तिने पर्समधून चष्मा काढला आणि कागदावर वाकली.

तळघरात फक्त तेलाचा आवाज येत होता. एल्डनने कितीतरी चित्रकारांना आपल्या एका वाक्याने आठवडाभर झोप न लागू दिलेली होती. आता त्याने पेन्सिल टेबलावर ठेवली.

"नाक कोणी काढलं?" एटेल्काने विचारलं.

सगळ्यांनी एल्डनकडे पाहिलं. भुवया, मान, कान यांचे मालक पुष्कळ होते. नाकाला कोणी वाली नव्हता.

"मी," एल्डन म्हणाला. "चुकलं असेल तर सांगा, मिसेस बोडनार. खोडतो."

"चुकलंय," ती म्हणाली. "राहू दे."

आणि ती बघतच राहिली. तिने हात पुढे केला. वाटलं, चित्राला लावते की काय. पण तिने कागदावर पडलेला पावाचा एक कण तेवढा तर्जनीने टिपून बाजूला केला, एकतीस वर्षं गिऱ्हाइकापुढचा टेबलाचा भाग पुसत आल्याच्या सवयीने.

"जेवण झाल्यावर असाच दिसायचा," ती म्हणाली.

न्हाव्याने नाक शिंकरलं. मग एटेल्काने कोट काढून नोरीनच्या हातात दिला, चित्रासमोरची खुर्ची ओढली आणि विचारलं की या गावात प्रवास करून आलेल्या म्हाताऱ्या बाईला कोणी ताटली आणून देणार आहे की नाही. चार माणसं एकदम उठली. एल्डन त्यांत पहिला होता.